मरळीसाठी पोकळ बेडूक: उद्यमबागेतल्या प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार

काम नेमकं काय, ते आधी लिहून ठेवतो. अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाच्या शिकारी माशासाठी गळाला आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक वापरतात. तसाच बेडूक, पण आपल्या मरळीच्या तोंडाला बसेल असा, इथं बेळगावात उद्यमबागेत करायचा. बाजारात मिळणारे बेडूक वाईट नाहीत. ते ज्या माशासाठी घडले त्याचं तोंड वेगळं, आपल्या तळ्यातल्या माशाचं वेगळं, एवढंच.

बास तोंड उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. त्याचे दात म्हणजे नुसती खरखर, म्हणून तिकडचे लोक त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून मासा उचलतात. मरळीच्या तोंडात अंगठा कुणी घालू नये. तिचा जबडा कडक, दात अणकुचीदार, आणि ती आमिष चावून धरते. पोकळ बेडकात दुहेरी गळ पाठीला चिकटून बसवलेला असतो, त्यामुळे तो बेशरमीत किंवा लव्हाळ्यात अडकत नाही. बेडूक चेपला तरच गळाची टोकं उघडी पडतात. बासच्या तोंडात अख्खा बेडूक जातो, झटका दिला की चेपतो. मरळ पुष्कळदा त्याला आडवा धरते. अंग जाड असेल तर टोकं रबरातच राहतात आणि ती बेडूक सोडून निघून जाते. तळ्यावर ज्याला विचारावं तो सांगतो, "लागली होती, पण सुटली." माझ्या मते त्यातल्या बऱ्याच सुटण्याचं कारण हे जाड रबर.

म्हणून हिशेब असा ठरवला: अंगाची लांबी 50 मिमी, एकूण वजन 12 ग्रॅम, नाकाशी जाडी दीड मिमी, पाठीला आणि कुशींना जेमतेम 1 मिमी. दोन बोटांत धरून हलकं दाबलं की गळ बाहेर आला पाहिजे.

16 फेब्रुवारी

कोअर, म्हणजे ज्यावर बेडकाचं रबरी अंग चढवायचं तो धातूचा साचा, तयार झाला. टर्नर मित्राच्या लेथवर ॲल्युमिनियमच्या बारमधून बेडकाचं अंग काढलं, मग पोटाची बाजू कानशीने सपाट केली आणि 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. बेळगावात फाउंड्री आणि मशीनशॉप इतके आहेत की अशा कामाला बाहेर जावं लागत नाही. दिवसभर हायड्रोलिकचे पार्ट काढणारा हात बेडूकसुद्धा त्याच मापात काढतो. मित्राने कॅलिपर लावून दोन्ही कुशी तपासल्या आणि म्हणाला, "माशाला कळणार न्हाई, पण मला कळतंय की."

पद्धत डिप मोल्डिंगची. कोअर तापवायचा, पातळ प्लास्टिसॉलमध्ये बुडवायचा, वर काढायचा, ओव्हनमध्ये पिकवायचा, आणि थंड झाल्यावर कातडं सोलून काढावं तसं अंग शेपटीकडून उतरवायचं. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची पावडर तेलात कालवलेली. तेल जास्त तितकं अंग मऊ.

असल्या वस्तू घरगुती हातांनीच सुरू झाल्या आहेत. मिशिगनमधल्या जेम्स हेडनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाससाठी लाकडाचा बेडूक कोरला, त्यातून पुढे कारखाना उभा राहिला. फिनलंडचा लाउरी रापाला स्वतः मच्छीमार. त्याने 1936 मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. दोघांनीही हाताशी असलेलं सामान घेतलं आणि माशाकडे बघून वस्तू घडवली. आपल्या हाताशी लेथ आहे आणि समोर मरळ आहे.

23 फेब्रुवारी

पहिली अंगं निघाली. नाक पातळ, शेपटी पातळ, पाठ मधोमध सर्वांत जाड. नेमकं उलटं हवं होतं.

कारण कोअरमध्येच आहे. तापलेल्या धातूत जिथं उष्णता जास्त साठते तिथं प्लास्टिसॉल जास्त चिकटतो. कोअर मधोमध फुगीर, म्हणजे धातू तिथंच जास्त, म्हणून थरही तिथंच जाड. बुडवून ठेवायचा वेळ कमी केला तर सगळीकडेच पातळ होतं आणि नाक फाटतं. मित्राने उपाय काढला: कोअर शेपटीकडून आत ड्रिल करून मधला भाग पोकळ करायचा, नाकाशी मात्र धातू भरीव ठेवायचा. पोकळ भागात उष्णता कमी, थर पातळ. भरीव नाकाला थर जाड. आतापर्यंतच्या कामात हा सर्वांत महत्त्वाचा बदल.

पिकवण्याचं तापमान 175 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतोय. कमी पडलं तर अंग पिठूळ राहतं, ओढलं की तुटतं. जास्त झालं तर पिवळं पडतं, आणि त्याहून पुढे गेलं तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. तो छातीला वाईट आणि शेडमधल्या लोखंडालाही वाईट. म्हणून ओव्हन एक्झॉस्ट पंख्याखाली, दोन्ही दारं उघडी. हे काम घरच्या स्वयंपाकघरात कुणीही करू नये.

9 मार्च

पोकळ केलेल्या कोअरवरची अंगं हवी तशी आली. कापून मोजली: नाक दीड मिमी, कुशी 1 मिमीच्या जवळपास.

आता वजन. बेडकाने पाण्यात नाक वर आणि शेपूट खाली असं बसायला पाहिजे, म्हणून मागे वजन लागतं. बहुतेक जण शिसं वापरतात. मी पितळ घेतलं. शिसं पाण्यात राहिलं तर ते गिळणाऱ्या पक्ष्यांना विषारी. आपल्या तळ्यांवर बगळे, पाणकोंबड्या, हिवाळ्यात बदकं असतात. तुटलेला बेडूक कधी ना कधी तळाशी जाणारच. पितळ शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाला तुकडा साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठा होतो. 8 मिमी व्यासाचा, 10 मिमी लांब तुकडा, मधून 2 मिमीचं भोक: बरोबर 4 ग्रॅम. बेडकाच्या पोटात तो सहज मावतो, आणि लेथखाली पितळेचे तुकडे पडलेलेच असतात.

गळ 3/0 मापाचा दुहेरी. पाय म्हणून रबरी झिरमिळ्या, दोन्हीकडे भोकातून ओवलेल्या.

16 मार्च

घरामागच्या हौदात तरंगवून बघितले. नाक वर, शेपूट बुडालेली, डोळे पाण्याच्या रेषेवर. एका बाजूची झिरमिळी दुसरीपेक्षा लांब ठेवली तर बेडूक एकीकडेच वळतो, म्हणून दोन्ही कात्रीने सारख्या केल्या.

एक गोष्ट टिपून ठेवतो. हे बेडूक साध्या कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचे नाहीत. अंगातलं तेल डब्याचं प्लास्टिक विरघळवतं आणि सगळं एकमेकांना चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनचा डबा किंवा पॉलिथिनची पिशवी चालते.

23 मार्च

दांडी, रील, दोर. यावर वाद फार चालतात, म्हणून कारणासकट लिहितो.

दोर ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला, 40 पौंडी, म्हणजे साधारण 18 किलोचा ताण सोसणारा. मरळ एवढ्या वजनाची आहे म्हणून नव्हे. गळ लागला की ती सरळ बेशरमीच्या मुळांत घुसते, आणि तिथून तिला गवतासकट ओढावं लागतं. ब्रेडेड दोर देठ कापत येतो. शिवाय तो पाण्यावर तरंगतो, कारण त्याचं पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं. फ्लुरोकार्बनचा दोर पाण्याच्या पावणेदोन पट जड, तो बेडकाचं नाक खाली ओढतो. आपला नेहमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, ताणतो. पंधरा-वीस मीटरवर झटका दिला तर निम्मा जोर ताणण्यातच जातो आणि गळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पण रीलवर सर्वांत खाली तंगूसाचे काही वेढे हवेतच, नाहीतर गुळगुळीत ब्रेडेड दोर स्पूलवर, म्हणजे तो गुंडाळायच्या रिळावर, नुसता घसरत फिरतो.

रील बेटकास्टर, म्हणजे आमिष फेकताना ज्याचा स्पूल स्वतः फिरतो ते, 7:1. हँडल एकदा फिरवलं की स्पूल सात वेळा. स्पूलवर दोराचा व्यास 32 मिमी धरला तर एका फेऱ्यात 70 सेंमी दोर येतो. मासा आपल्याकडे धावत आला तर ढिला पडलेला दोर गोळा करायला हा वेग लागतो. 12 ग्रॅमचा बेडूक बेटकास्टरवर नीट जातो. त्याहून फार हलका असेल तर स्पूल आधी पळतो, बेडूक मागे राहतो, आणि दोराचा गुंता होतो. नवशिक्यांना मी स्पिनिंग रीलच सुचवतो, त्यात फेकताना स्पूल स्थिर राहतो: 3000 मापाचं, 30 पौंडी ब्रेडेड. गुंता सोडवण्यात सकाळ गेली तर मासेमारीची गोडीच जाते.

गाठ पालोमर. दोर दुहेरी करून कडीतून काढायचा, साधी गाठ मारायची, तयार झालेल्या फासातून अख्खा बेडूक पार करायचा, थुंकीने ओली करून आवळायची. कोरडी आवळली तर ब्रेडेड दोर स्वतःलाच कापतो.

6 एप्रिल

खानापूर तालुक्यातलं तळं. नाव लिहीत नाही, छोटं तळं गर्दीने लगेच रिकामं होतं. ज्याच्याकडे ठेका आहे त्याची आधी परवानगी घेतली. राकसकोपचा विचारसुद्धा नको, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे.

राखणदाराने डबा उघडून बघितला. "इदु एन्री, रब्बर कप्पे?" म्हणजे, हे काय हो, रबरी बेडूक? मी म्हटलं, हौद्री, म्हणजे होय. त्याने बेडूक चेपला, गळ बाहेर आलेला बघितला, परत सोडला, गळ लपला. मग मला बांधाचा कोपरा दाखवला: पाणकणसाच्या मागे, जिथं म्हशी उतरतात तिथून थोडं पलीकडे. "तिथं वर येऊन श्वास घेतंय." मरळीला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. ती वर येते, हवेचा घोट घेते, पाण्यावर गोल उठतो आणि एखादा बुडबुडा राहतो. माशाचा पत्ता याहून नेमका मिळत नाही.

त्या गोलाच्या अंगावर बेडूक टाकायचा नाही. पलीकडे टाकायचा, गवतावर पडू द्यायचा, मग गवतावरून पाण्यात घसरवायचा. दांडीचं टोक खाली धरून ढिल्या दोराला छोटे झटके दिले की बेडूक जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे मान फिरवतो, फारसा पुढे न सरकता. मोकळ्या पाण्याच्या छोट्या खिडकीत हे जमलं पाहिजे. तिथून लवकर बाहेर काढला तर मरळीला ठरवायला वेळच मिळत नाही.

आज धडका मिळाल्या. गवताखालून फुगवटा येतो, मग "फटॅक". एक मासा लागला, लहानच. गळ जबड्याच्या कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूने बसलेला. तिने बेडूक आडवाच धरला होता आणि पातळ कूस चेपून टोक बाहेर आलं होतं. यासाठीच सगळी खटपट होती.

13 एप्रिल

झटका कधी द्यायचा, यावर आजचा दिवस घालवला.

बासवाले सांगतात, बेडूक दिसेनासा झाला की क्षणभर थांबा आणि मग दांडी वर मारा. मरळीला हा नियम निम्माच लागू होतो. तिची पहिली धडक पुष्कळदा मारण्यासाठी असते, खाण्यासाठी नव्हे. आवाज होतो, पाणी उडतं, बेडूक तिथंच तरंगत असतो. तेव्हा झटका दिला तर बेडूक हवेतून आपल्या तोंडाकडे येतो आणि मासा बिथरतो. आवाजावर हात हलवायचा नाही. बेडूक तसाच सोडायचा, थोडं थांबून किंचित हलवायचा. ती परत येते. दोरात जड ओढ लागली की मगच, आणि मग मात्र जोरात.

याला परदेशातूनही दुजोरा मिळतो. अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात 2002 मध्ये मरळीच्या कुळातला चिनी मासा सापडला. तळ्यात औषध घालून तो मारला. तरी 2004 मध्ये त्याच जातीचा मासा पोटोमॅक नदीत निघाला आणि आता तिथं स्थिरावलाय. तिथले बासवाले त्यांच्या त्याच बेडकांवर हा मासा धरतात, आणि त्यांचंही म्हणणं हेच की याला वेळ द्यावा लागतो आणि गळ कडक हाडात रुतवायला जोर लागतो.

27 एप्रिल

शिवजयंतीच्या चित्ररथाच्या कामात मित्र अडकलाय, म्हणून एकटाच. काल संध्याकाळी वळवाचा दणका होऊन गेला. पाणी किंचित गढूळ, बांधावर बेडकांचा गलका.

सकाळी पहिल्या उन्हात म्हशींच्या वाटेजवळ मोठी लागली. ओढ आली ती खाली, सरळ बेशरमीत. दांडी वाकली, दोर देठांत करकरला. मी सैल सोडला नाही, रील फिरवत राहिलो. एकेक देठ तुटत गेला आणि शेवटी हिरव्या पाल्याचा भारा आणि त्याच्या मधोमध मरळ, अशी बाहेर आली. दीड किलोच्या आतबाहेर. डोकं सपाट, पाठ काळसर, कुशीवर तिरपे पट्टे, पोट पांढरं. ओल्या गोणपाटावर ठेवली, हात आधी पाण्यात बुडवून घेतले. अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघाला की माशाला रोग जडतो. गळाच्या टोकामागचे उलटे काटे मी आधीच पकडीने दाबून सपाट केले होते, त्यामुळे चिमट्याने एका वळणात सुटला.

पोट फुगीर, अंड्यांनी भरलेलं वाटलं. सोडून दिली. बांधावर बसलेले एक आजोबा नाराज झाले. "एवढी मोठी सोडतंय काय वो? बाजारात जिवंत मरळीला काय भाव हाय!" मी म्हटलं, आजोबा, मृगात हिची पिल्लं होतील, ती याच तळ्यात राहतील. ते गप्प बसले, पण पटलं नव्हतं. मध्यम आकाराची एखादी खायला नेण्यात मला काहीच गैर वाटत नाही, मीही नेतो. पावसाच्या तोंडावरची मोठी मादी मात्र नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

बेडकाच्या पाठीला दातांची चार भोकं पडली. भोकातून पाणी शिरतं, बेडूक जड होतो. फेविक्विक या रबरावर टिकत नाही. प्लास्टिसॉलचा थेंब लावून सोल्डरिंगच्या गरम टोकाने हलकं फिरवलं की जोड एकजीव होतो.

11 मे

बेळगावातल्या ओळखीच्या गळवाल्यांची चहावर बैठक. बेडकांचं कौतुक झालं. मग एकाने विषय काढला: बासचीच पिल्लं कुठून तरी मिळवून हिडकलच्या पाण्यात सोडली तर? एवढा मोठा जलाशय, घटप्रभेचं पाणी, पाहुणे मासेमार येतील.

मी स्पष्ट नको म्हटलं, आणि इथंही लिहून ठेवतो. जपानमध्ये 1925 साली आशी सरोवरात लार्जमाउथ बास सोडला. तिथून तो देशभर पसरला, बिवा सरोवरात माजला. 2 जुलै 2009 रोजी मानाबू कुरिता यांनी त्याच बिवात 10.12 किलोचा बास धरला. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात धरलेल्या माशाच्या विक्रमाशी तो बरोबरीत ठरला. काही ग्रॅम जास्त होता, पण जुना विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो. गळवाल्यांना हा विक्रम पाठ असतो. त्याच जपानने 2005 मध्ये बासला घातक परदेशी प्रजाती ठरवून त्याची ने-आण आणि सोडणं बंद केलं, हे मात्र सांगणारे थोडे. स्थानिक मासे कमी झाले म्हणून हे करावं लागलं. आपल्या तळ्यांत चिलापीने काय केलंय ते दिसतंच आहे. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेयच्या पाण्यात मरळ, शिवडा, वाम, शिंगटा असताना बाहेरचा शिकारी मासा आणून सोडणं म्हणजे या नद्यांशी दगाबाजी. बासचं सामान घ्यावं, तंत्र घ्यावं. बास घेऊ नये.

बैठकीत शेवटी बहुतेकांना पटलं. ज्याने विषय काढला त्याने दोन बेडूक मागून घेतले.

25 मे

यंदा पाऊस लवकर. काल 24 तारखेलाच मान्सून केरळात पोचला, आणि आपल्याकडेही झड लागलीय. येळ्ळूर, वडगावकडच्या भातशिवारात पाणी भरू लागलं की मरळी ओढ्यानाल्यांतून शेतात चढतील. चढणीचे मासे धरायला लोक बुट्ट्या घेऊन निघतील. मी दांडी बाहेर काढत नाही.

8 जून

नुसता बघायला तळ्यावर गेलो. पाणकणसाच्या कडेला पाण्यावर तांबूस नारिंगी ठिपक्यांचा गोळा, ताटाएवढा, सगळा मिळून हलणारा. मरळीची पिल्लं. ती हवेसाठी वर येतात तेव्हा पाऊस पडल्यासारखं पाणी शिवशिवतं. खाली दोन्ही पालक असतात.

या गोळ्यावर बेडूक टाकला तर धडक हमखास मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती भूक नसते, राखण असते. पालक उचलला की चिलापी आणि बाकीचे मासे थोड्या वेळात पिल्लांचा फडशा पाडतात. एका माशापायी शेकडो जातात. माझा बेडूक ज्यांच्याकडे आहे त्या प्रत्येकाला आज फोन करून सांगितलं: पिल्लं दिसली की दांडी गुंडाळा. राखणदारालाही सांगितलं. तो म्हणाला, ठेकेदाराच्या कानावर घालतो.

22 जून

पावसाळ्यापुरतं काम शेडमध्ये. पक्कं झालेलं माप असं: अंग 50 मिमी, नाक दीड मिमी, कुशी 1 मिमी, पितळ 4 ग्रॅम, गळ 3/0 काटे दाबलेला, एकूण 12 ग्रॅमच्या आसपास. रंग दोनच, काळा आणि हिरवट तपकिरी. बाकी रंगांनी मरळीला काही फरक पडलेला दिसला नाही, माणसांनाच पडतो.

पुढचा कोअर 40 मिमीचा, भातशिवारातल्या लहान मरळींसाठी. त्याला पितळ अडीच ग्रॅम पुरेल आणि तो स्पिनिंग रीलवरच चालेल. मधली पोकळी या वेळी ड्रिल न करता बोअरिंग टूलने काढायची, म्हणजे भिंत सगळीकडे सारखी राहील. मित्राने बार कापून ठेवलाय. चाचणी ऑक्टोबरनंतर, पिल्लं पालकांपासून सुटल्यावर, आधी याच तळ्यात आणि मग दड्डीकडच्या हिडकलच्या फुगवट्यात.